एक कोळंबी उधार

चेंदणी कोळीवाड्यात
मासे नसलेली टाकी ठेवणारं आमचंच पहिलं घर.
साठ लिटर. तळाशी वाळू, एक काळपट ओंडका,
कोपऱ्यात बुडबुडणारा फिल्टर.
बाकी नुसतं पाणी, महापालिकेचं,
क्लोरीन उतरवलेलं.

शेजारची द्वारका मावशी चष्मा पुसून पुसून बघते.
'लपलेत का गो?'
नाही मावशी, यायचेत अजून.
'मग दिवा कुणासाठी जाळतेस?'

कोपरीच्या दुकानातला नौशाद म्हणाला होता,
पाणी आधी पिकू द्या, ताई.
पिकू द्या म्हणाला, आढीतल्या आंब्यासारखं.
आत काहीतरी सडलं पाहिजे,
मग ते खाणारे येतील, डोळ्यांना न दिसणारे,
मग त्यांचं उष्टं खाणारे दुसरे.
तोवर मासा सोडलात
तर आपल्याच मुतात मरेल.
काय घालू सडायला?
एक कच्ची कोळंबी. सालासकट.

हे वाक्य आईसमोर बोलायला
मला दोन दिवस लागले.
बत्तीस वर्षं बाजारात बसते ती.
पहाटे धक्का, मग बर्फ, बर्फावर बर्फ,
दुपारी गोणपाट भिजवून पुन्हा बर्फ.
सडण्याच्या अर्धा तास पुढे
धावत आली आहे इथवर.
आणि मी म्हणते, एक दे. सडवायला.

ती काही बोलली नाही.
पाटीत हात घालून बोटाएवढी निवडली,
टणक, डोळे काळेभोर.
म्हटलं, शिळी चालेल गं.
'शिळी नसते माज्याकडं.'
आणि वहीत माझ्या नावावर मांडली.

चौथ्या दिवशी पाणी दुधाळलं.
आठव्या दिवशी द्वारका मावशी यायची बंद झाली.
रात्री जेवणानंतर मी नळीत थेंब मोजायची,
पिवळ्याचं हिरवं, हिरव्याचं शेवाळी.
मग एका रविवारी दुसरी नळी,
फिकी निळी असायची, ती जांभळी.
आई भाव विचारावा तसं विचारायची,
'आज काय रंग?'

एकदा म्हणाली,
'खाडीत पण असतील ना हे खाणारे?'
असतील.
'मग दमले असतील.'
बाबांचा पाग माळ्यावर आहे,
शिशाच्या गोळ्यांसकट.
त्याबद्दल त्या दिवशी कुणीच बोललं नाही.

तेविसाव्या रात्री वीज गेली.
फिल्टर थांबला आणि घर एकदम मोठं वाटलं.
मला जाग आली तेव्हा आई मेणबत्तीच्या उजेडात,
पदर खोचून, टाकीतलं पाणी टोपानं वर उचलून
परत सोडत होती, वर, परत,
चहा निववतात तसं.
'जीव गुदमरंल त्यांचा.'
कुणाचा, आई? आत कुणीच नाही.
'हायत की.'
साडेचारपर्यंत आळीपाळीनं.
मग ती तशीच धक्क्यावर गेली.

नंतर एका संध्याकाळी तिनं झाकण उचललं,
नाक आत घातलं, गिऱ्हाइकाला
गालफड उचलून दाखवण्याआधी स्वतः हुंगते तशी.
'झालं,' म्हणाली.
माझ्या नळ्यांना ते कळायला
आणखी दोन दिवस गेले.
एक पिवळी, एक फिकी निळी, तिसरी केशरी.

कोळंबी तोवर उरलीच नव्हती.
थोडं साल ओंडक्याखाली, काचेसारखं.

आज नौशादकडून सहा आणले.
नखाएवढे, लाल पट्ट्याचे.
पिशवी पाण्यावर तरंगतेय अजून,
आतले बाहेर बघतात, बाहेरचं पाणी
त्यांची वाट बघतंय की नाही, सांगता येत नाही.
द्वारका मावशी नातवाला घेऊन दारात.

आई बाजारातून आली.
कोयता मोरीत ठेवला, नेहमीसारखा खिळ्यावर नाही.
लिंबाची फोड घेऊन हात घासले,
नखांत, बांगड्यांच्या खाली, कोपरापर्यंत.
पुसले. हुंगले.
परत घासले.
एवढं काय गं, म्हटलं.
'त्यांना कललं तर?'

आणि काचेपासून दोन हात लांब
उभी राहिली, हात पाठीमागे.