आडवा एकोणीस, चार अक्षरी

शनिवारचं वर्तमानपत्र लर्विकच्या धक्क्यावर
वारा बरा असेल तर रविवारी पोचतं.
ऑस्ला इस्बिस्टर ते स्वेटरच्या आत धरून आणते,
गारठलेलं कोकरू आणावं तसं,
आणि वृद्धाश्रमाच्या काचेच्या खोलीत
लॉरी हॅलक्रोच्या पुढ्यात कोडं तेवढं उघडते.

चाळीस वर्षं हे फोनवर चालायचं.
ती म्हणायची, "आलं!"
तो म्हणायचा, "का?"
तिला उत्तर वासावर सापडायचं,
त्याला अक्षरा-अक्षराची पावती हवी असायची.
"नुसतं बसतंय म्हणून लिहायचं नाही, बाई.
बूट दुसऱ्याचाही बसतो कधीकधी."

(सूत्रं त्यांच्या भाषेतली होती. मी ती उसवून
माझ्या लोकरीने पुन्हा विणलीत.
टाके वेगळे पडले असतील.)

'होकार दे, कारण विचार, मग यंत्र: दिशा कळेल.'
हो. का. यंत्र.
यावर तो इतका हसला होता
की तिने रिसीव्हर कानापासून लांब धरला.
"हो म्हणजे तू, का म्हणजे मी," तो म्हणाला.
यंत्र कोण, ते दोघांनीही विचारलं नाही.

त्यानेच शिकवलं तिला:
वाक्य दाखवतं ती बाग बघायची नाही,
कुंपण बघायचं, कुठे फटीला जागा आहे.
एका टोकाला अर्थ सरळ उभा असतो,
बाकीचे सगळे सोंग घेतलेले त्याचे चुलतभाऊ.
'ढवळलं', 'वादळात', 'पिऊन तर्र' असं काही दिसलं
की शेजारची अक्षरं सुटी करायची.
'पोटात' म्हटलं की चिरून बघायचं,
चिमणीत मणी निघतो.
आणि रचणारा लबाड असतो, खोटारडा नसतो.
हा फरक तो फार जपायचा;
मासळीच्या लिलावात तो त्याला कधी भेटला नव्हता.

फेब्रुवारीत डोक्यात कुठेतरी एक नस फुटली.
आता त्याच्याकडे दोन शब्द उरलेत.
एक 'नाही',
आणि एक शिवी, जी कर्स्टी नर्सला
हवामानाबद्दल वाटते.
'का' गेलं.

म्हणून आता 'आलं' म्हणते तीच, आणि समजावतेही तीच.
'सुई इथे थांबते, प्रश्नही इथेच.'
"उत्तर. एक दिशा, आणि एक... म्हणजे उत्तरच,"
ती खिडकीबाहेर बोट दाखवते,
तिकडे नुसता आणखी समुद्र.
त्याची मान हलते. पावती मिळाली.

उभा अकरा: 'मरण ढवळलं, की प्रियकर.'
हे तिने मोठ्याने वाचलं नाही.
र, म, ण, पेन्सिलीने, हलकं,
आणि वर चहाचा कप ठेवून दिला.

उरला आडवा एकोणीस.
शेवटचं अक्षर ण, त्या उभ्यातून उतरलेलं.
'न बोलावता येते ती: आठांमागून जखमेची सही.'
"आठवण," ती म्हणाली. "बसतंय."
तो बघत राहिला.
"आठ कळले रे. पण जखम सही कुठे करते?"

त्याने डाव्या हाताने उजवा हात उचलला,
ओल्या जाळ्यासारखा,
कप बाजूला सारला,
आणि तळवा चौकोनांवर उताणा ठेवला.
अंगठ्यापासून मनगटापर्यंत पांढरट, गुळगुळीत:
एकाहत्तर साली सुटलेल्या दोरखंडाचा वण.
त्या रात्री बंदरावर आपल्याच रुमालाने
तिने तो हात बांधला होता.

"नाही," तो म्हणाला. म्हणजे, हे बघ.

ती बघत होती. पण आता त्याचं बोट
ण वर टेकलं होतं, मग एक घर वर,
मग आणखी एक, कप होता तिथल्या ओल्या कड्यात.

"ते," ती म्हणाली, "ते नुसतं बसतंय."

त्याने दुसरा शब्द वापरला.

दारातून कर्स्टी म्हणाली,
"खरंच हो, काय ही हवा!"