भोंगा कधी बंद पडला

गाइड म्हणाले, आधी तारीख पक्की करून आण,
मग पुढचं प्रकरण.

गिरणीच्या हजेरीपटात शेवटचा शिक्का चौदाचा.
त्यापुढची पानं वाळवीनं वाचलेली,
माझ्याआधी, आणि माझ्याहून मन लावून.

दैनिकाच्या फाइलीत बातमी सतराची,
पान तीन, तळाला, केशतेलाच्या जाहिरातीशेजारी:
‘काल भोंगा झाला नाही.’
म्हणजे सोळा.
पण एका प्रबंधात सतराच, घाईत उचललेली.
प्रबंधावरून ती एका ग्रंथात गेली, ग्रंथावरून कोशात,
आणि कोशात ती इतकी इस्त्रीची दिसते
की तिला कुणी विचारत नाही, बाई, तू कुणाची?

एप्रिल. साखर पेठेत डांबर चप्पल सोडत नाही.
नरसूबाई येमूल उंबऱ्यात विडीची पानं कापत बसलेल्या.
मी रेकॉर्डर सुपाच्या कडेला ठेवला.

‘सोळा? काय की.
धाकटीचं बारसं होतं. पाळण्याला दोरी बांधत होते,
अन् भोंगा होईना.
दुधाची वेळ मी त्याच्यावर धरायची.
पोरगी रडत राहिली बघ.’

कात्री थांबली नाही.
मी वहीत लिहिलं: कागद उभा धागा, आठवण आडवा.
वाचूनही दाखवलं. त्या हसल्या.
‘माग कधी चालवला मी? कांड्या भरायचे.
तुमच्या पुस्तकात सगळ्याच बायका विणतात का?’
ओळ खोडली. अजून वाचता येते.

पत्र्याच्या पेटीतून धाकटीचा शाळेचा दाखला निघाला.
सही, शिक्का, जन्म एक जून.
मी बोटांवर बारा दिवस मोजू लागले.
‘थांब की! ती श्रावणातली.
एक जून मास्तरांनी घातला.
त्या वर्गातली सगळीच पोरं एक जूनची.’

आता तळटीप अशी आहे:
चौदा, सोळा, सतरा, किंवा एका बारशाचा दिवस.
मुलाखत: नरसूबाई येमूल, कांडीवाल्या.
मराठी, मधे तेलुगू, मधे कात्री.
गाइडनी तिच्यावर पेन्सिलीनं नुसतं प्रश्नचिन्ह काढलंय.

रात्री पुन्हा ऐकते.
बाविसाव्या मिनिटाला त्या तोंडानं भोंगा करून दाखवतात,
लांब, वर चढत जाणारा,
आणि मधेच तोडतात.
आत कुणाचं तरी नातवंड दचकून उठतं.

हे मूळ साधन की नक्कल?
मी रकाना कोरा ठेवलाय.