अळवाच्या उलट

फुर्नाशच्या ऊन झऱ्यांपाशी
म्हातारा ग्वाल्तेर अजून अळूच लावतो,
गुडघाभर कोमट चिखलात,
अंगाला गंधकाचा वास.
कुंपणाच्या अलीकडे त्याची मुलगी झुल्मीरा आणि मी
काचेच्या नळ्यांत हिरवं पाणी पिकवतो.

पीक म्हणायचं, पण कापायचं कसं?
विळ्याला सापडत नाही, मुठीत येत नाही.
दोन हजार लिटर पाणी गाळावं
तेव्हा वाळून किलोभर.

आधी गरगरणारं यंत्र होतं.
विजेचं बिल आलं की साहेब
नुसताच तळ्यावरच्या वाफेकडे बघायचा.
मग गाळण्या आल्या,
पोकळ शेवयांच्या जुड्या,
बाहेर शेवाळ, आत नितळ पाणी.
तीन तासांत गुदमरायच्या.
शेवाळ काहीतरी बुळबुळीत सोडतं,
ते भोकाभोकांत बसायचं,
दाबाचा काटा चढायचा,
आणि पहाटे दोनला झुल्मीरा
क्लोरिनच्या वासात त्यांना न्हाऊ घालायची,
शिव्या देत. अस्सल बेटावरच्या शिव्या,
मी लिस्बनहून आल्याला सहा वर्षं झाली
तरी निम्म्या मला कळत नाहीत.

मार्चमध्ये नवा संच आला.
वेगळं पॉलिमर, वर कसलासा लेप,
हाताला माशाच्या पोटासारखा.
झुल्मीराने कुंपणावरून बापाला सांगितलं,
"तुझ्या पानावर पाणी ठरत नाही ना,
हे त्याच्या उलट.
हे पाण्याला इतकं घट्ट धरतं
की दुसऱ्या कुणाला टेकायला जागाच नाही."

ग्वाल्तेरने एक पान वाकवलं, थेंब घरंगळला.
"म्हणजे चिकटत दोघांनाही काही नाही," तो म्हणाला,
"माझं कुणालाच धरत नाही म्हणून,
तुझ्याने एकालाच धरलंय म्हणून."
आणि पुन्हा चिखलात वाकला.

ती हसली नाही.
एर्मीनियू टोरोंटोला गेला त्याला नऊ वर्षं झाली,
विटा रचायला, दोन हिवाळ्यांपुरता.
आधी रविवारी फोन यायचा, मग नाताळात.
मी काही बोललो नव्हतो कधी.
बोललो असतो तर
घरंगळलोच असतो.

रात्री आता शांत असतात.
पंप चालतो, काटा हलत नाही,
आम्ही कॉफी पितो, ती मोजे विणते,
मी वहीत तोच आकडा
तासातासाला लिहितो.

एकेचाळिसाव्या रात्री
काटा केसभर सरकला.
मी काचेवर टिचकी मारली, पुसली,
तो तिथेच.
वहीत लिहायचं तेवढं राहिलं.
झुल्मीरा उठून आली, माझ्या खांद्यावरून वाकून
तिने बघितलं, बराच वेळ.

"थोडं तरी बसणारच," ती म्हणाली,
आणि उलट्या धुण्याच्या चावीकडे गेलेला हात
मागे घेतला.
"राहू दे. सकाळी बघू."