हातचा एक

टेपचं शून्याकडचं टोक मी धरतो.
बावीस वर्षं हेच काम.
दुसरं टोक कधी जमीन कचेरीचा माणूस, कधी दलाल,
कधी ज्यांची जमीन चालली त्यांचा पोरगा,
तोंड दुसरीकडे करून.

माझ्या अंगठ्याखाली पहिला मीटर पुसून गेलाय.
म्हणून आम्ही एकपासून मोजतो
आणि शेवटी एक वजा करतो.
बातू लेपांगमध्ये हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

गाव एवढंसं. सत्तेचाळीस घरं, एक मशीद,
दोन विहिरी, त्यातली एक मचूळ.
अर्धी घरं मलेशियातल्या पामच्या मळ्यांनी बांधली,
म्हणजे बांधायला घेतली.
पुढच्या भिंतीला गुलाबी फरशी, मागं उघड्या विटा,
वर गंजक्या सळया
आणि सळयांवर वाळणारे शाळेचे शर्ट.
सेनिराचा बाप दर ईदला फोनवर सांगतो,
पुढल्या वर्षी स्लॅब.
सेनिराला आता स्वतःची मुलगी आहे.

भाताची जमीन थोरल्याला, हा जुना रिवाज.
किनाऱ्याची खारट पट्टी धाकट्यांना, नाहीतर मुलींना:
नारळ पडतील ते वेचा आणि गप्प राहा.
मग रस्ता आला.
खारट जमीन चार कोटी रुपिया आर झाली.
आता थोरले धाकट्यांच्या दारी कॉफी प्यायला येतात
आणि साखर कमी आहे असं म्हणत नाहीत.

इनाक रुमेना धाकटी.
इनाक रुमेना, म्हणजे रुमेनाची आई;
आमच्यात बाईचं स्वतःचं नाव फक्त कागदावर उरतं.
तिचं तिथूनही गेलं, अठरा आरांसकट.
घेणारं जोडपं परदेशी, त्यांच्या नावावर जमीन होत नाही,
म्हणून कागदावर मातारामचा एक ड्रायव्हर मालक.
तो आला, सही केली,
समुद्राकडे पाठ करून सिगरेट संपवली, गेला.

त्या दिवशी रुंदी भरली छत्तीस.
मी एक वजा केला, ओरडलो, पस्तीस.
कारकुनानं माझ्याकडे पाहिलं, वहीत डोकं घातलं
आणि पुन्हा एक वजा केला.
चौतीस.
उन्हानं त्याचं डोकं फिरलं होतं की ठिकाणावर होतं,
मला माहीत नाही.
मी तोंड का उघडलं नाही, तेही नाही.

शेजारची जमीन पुढं जुन्या नारळापासून मोजली गेली.
दोन मालक, दोन भिंती,
मधे एक मीटर, कोणाचाच नाही,
रस्त्यापासून थेट पाण्यापर्यंत.
डावीकडच्या भिंतीआड पोहायचा तलाव,
उजवीकडे नुसतं गवत आणि विकण्याची पाटी.
मधून बायका शेवाळाच्या टोपल्या घेऊन जातात.
समोरून कोणी आली तर एक भिंतीला पाठ लावते,
आणि मग तिथंच अर्धा तास जातो.
शेळ्यांना तेवढं थांबवत नाही.

परवा दलाल आला. नवा शर्ट, तीच मोटरसायकल.
ही बोळ कुणाची?
बावन्न मीटर लांब, म्हणजे अर्ध्या आराहून जास्त.
भाव आता सहा कोटी आहे, चाची.
माझ्या मनात शून्यं ओळीनं उभी राहिली.
तेवढ्यात सेनिराच्या घराचा स्लॅब पडला असता,
जिनाही झाला असता.

इनाक रुमेनानं पानाची पिंक टाकली.
मला म्हणाली, टेप आण.

मी अंगठा ठेवला.
दुसरं टोक या वेळी तिनं धरलं,
भिंतीला घट्ट, चुन्यानं लाल झालेल्या बोटांनी.
किती?
दोन, मी म्हणालो.
वजा एक.
एक.
आता कारकुनासारखं कर.

दलाल आमच्या दोघांकडे पाहत राहिला.
तिनं टेप सोडली, ती सळसळत माझ्याकडे आली.
बघ बाबा, ती त्याला म्हणाली,
इथं काहीच नाही.

आणि टोपली उचलून
त्या काहीच नाहीमधून
भरती चढायच्या आत खाली उतरली.