पुठ्ठ्याचा चेक

दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद.
दरवर्षी मार्चमध्ये क्लबची ऑर्डर येते
आणि मी छापतो, कुठल्याच बँकेत न वटणारा,
पश्चिम सिडनीतला सगळ्यात मोठा चेक.

यंदा पंधरा हजार डॉलर.
शून्यं जरा ठळक करा, मॅनेजरबाई म्हणाल्या,
फोटोत लांबून दिसली पाहिजेत.
"समाजाचं ऋण" हे शब्द तिरक्या टायपात.

त्याच ऑर्डरमध्ये चारशे स्टिकर असतात,
मशीनच्या कोपऱ्यात
आणि संडासाच्या दाराला आतून लावायचे:
खेळ हाताबाहेर जातोय? फोन करा.
दोन वर्षांपूर्वी टाइप आठ पॉइंट होता.
आता सहा.
नियमात बसतं, त्या म्हणाल्या.
बसतं. मी पाहिलं.

गुरुवारी लुपे आली.
टोंगाची, शाळेत साफसफाई करते,
रविवारी चर्चमध्ये तिचा आवाज
शेवटच्या बाकापर्यंत पोचतो.
इथे मात्र पुटपुटली: दोन प्रती हव्यात.
काचेवर कागद पालथा घालताना वाचायचा नसतो,
हा आमच्या धंद्याचा धर्म. मी वाचला.
"मला आत येऊ देऊ नका" असा अर्ज,
क्लबच्याच नावाने, वर तिचाच फोटो,
हरवलेल्या माणसाचा लावतात तसा.

भिंतीला टेकलेला चेक तिने पाहिला.
हा शाळेला?
हो, रग्बीच्या जर्सींसाठी.
तिचा धाकटा, सेमिसी, त्याच संघात.
ती शून्यं मोजत राहिली, बोट न लावता,
शाई अजून ओली असल्यासारखी.
मग हसली. खरंच हसली.
"स्टोयान, यातले निम्मे तर माझेच असतील.
माझं नाव कुठे छापलंस?"

मी म्हणालो, जागा नव्हती.

का म्हणालो कोण जाणे.
जागा होती. खाली उजवीकडे, सहीच्या शेजारी,
चांगली वीतभर, पांढरी.

शनिवारी मैदानावर फोटो झाला.
सेमिसी पहिल्या रांगेत, चेकचं एक टोक धरून.
वाऱ्याने पुठ्ठा शिडासारखा फुगत होता
आणि पोरगा दातओठ खाऊन
तो सरळ धरायला बघत होता.
लुपे कुंपणापाशी उभी.
टाळ्या तिनेही वाजवल्या.

दोन प्रतींचे चाळीस सेंट झाले होते.
ते मी घेतले.