बाळ क्रमांक तीन

या सत्रात ते एकशे बारा वेळा जन्मलं.
मी मोजतो, कारण प्रत्येक जन्मानंतर
धुवायचं काम माझं.
खोटं रक्त, जेली, खडूची पूड, घाबरलेल्या बोटांचे ठसे.
मग पुसून कपाट दोन, खालचा खण.
नोंदवहीत सही : कोर्ब्ला, प्रयोगशाळा परिचर.

सुईणशास्त्राची खोली खाडीच्या अंगाला आहे.
खिडकी उघडली की वाळत्या मासळीचा वास शिरतो.
मुली नाक दाबतात, मॅडम अक्पेने म्हणतात,
येऊ द्या, दवाखान्यात काय अत्तर शिंपडणार आहेत?

पलीकडे सूक्ष्मजीव, त्यापलीकडे पोषण आहार,
टोकाला मलेरियाच्या काचा.
सगळ्यांचा केर माझ्या एका झाडूने निघतो.
शाळा आठवीत सुटली माझी,
पुढचं सगळं भिंतीपलीकडून ऐकलेलं :
खांदा अडकला तर ओढायचं नाही, आधी हाक मारायची.
रडलं नाही तर पुसायचं, पाठ चोळायची.
पहिलं मिनिट सोन्याचं.

माझ्या आईच्या वेळी हे कुणाला ठाऊक नव्हतं.
मुलं किती, विचारलं की ती पाच म्हणायची
आणि बोटं
सात मिटायची.

मार्चमध्ये सेलोर्मने घाईत ओढलं, तीन नंबरची मान निखळली.
वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत.
नवं मागवायचं तर बोटीने सहा महिने.
मी रात्री जाळ्याच्या निळ्या सुताने ती शिवली,
गाठ बापाने शिकवलेली, भरतीतही न सुटणारी.
नव्या मुली विचारतात, ताईत आहे का हो?
मी हो म्हणतो.

झीफा दोनदा नापास झाली.
एरवी वर्गात सगळ्यात आधी तिचा हात वर,
पण घड्याळाची कळ दाबली की दोन्ही हातांचा दगड.
"बाळ गेलं," मॅडम म्हणायच्या, आणि फुली.
मी बादली घेऊन दाराशी थांबलेलो.
म्हटलं, पोरी, हे परत येतं.
उद्या आठ वाजता पुन्हा जन्मणारच आहे ते,
त्याला दुसरा धंदा काय?
नाक पुसता पुसता ती हसली.
तिसऱ्या खेपेला सुटली एकदाची.

मग त्यांना गाडीत भरून वरच्या गावांना धाडलं,
सहा आठवडे.

काल ती आली. सगळे गेल्यावर.
गणवेशाची एक बाही उसवलेली.
बाळ-बाळंतीण सुखरूप? असं विचारायची रीत असते.
जीभ उचलली नाही.
ती म्हणाली, आज मी धुते.
खालच्या खणातून त्याला काढलं,
नळाखाली बोटं धरली
आणि झटकन मागे घेतली.

"काका, इतक्या गार पाण्याने?"

अकरा वर्षं मी गारच वापरतोय.
प्लास्टिक आहे ते, असं म्हणणार होतो.
चहाच्या खोलीतली किटली आणून लावली.

पाणी तापेतो दोघं उभे.
तिने त्याला छातीशी धरलं नव्हतं,
हातावर घेतलं होतं, शिकवलं तसं, मानेखाली पंजा,
अंगठा निळ्या गाठीवर.
बाहेर कुणीतरी होडी ओढत होतं, हाकारे घालत.
ती ओठांत काहीतरी मोजत होती.
साठच्या पुढे गेली,
नव्वदच्याही.
कुठे थांबली ते मला कळलं नाही.

मी बादलीत आधण ओतलं, वर गार पाणी.
तिने कोपर बुडवून पाहिलं.
मान हलवली.
अजून थोडं गार, म्हणाली.