मानस

डॉक्टरांनी बांबोळीला सांगितलं, योग करा.
जणू गोळ्यांच्या चिठ्ठीतलीच एक ओळ:
सकाळी एक, उपाशीपोटी.
मी विचारलं, किती मिलिग्रॅमचा?
सिस्टर हसली. डॉक्टर नाही हसले.

मग चोडणच्या पंचायत हॉलात,
चतुर्थीच्या मखराचं उरलेलं थर्मोकोल कोपऱ्यात सारून,
आम्ही अकराजण.
शिकवायला मयूरा, माझ्या धाकट्या भाचीच्या वयाची.
म्हणाली, श्वास फक्त पाहा.
मी पाहिला.
फाटकात अडकलेल्या म्हशीसारखा होता,
आतही येईना, मागेही सरेना.

बत्तीस वर्षं निबंधक कार्यालयात
दुसऱ्यांच्या जमिनींचे दस्त टंकतोय.
पाठीने केव्हाच खुर्चीचा आकार घेतला.
शवासनातसुद्धा मी बसलेलाच असतो.

हरमलला म्हणे लोक महिनामहिना येऊन राहतात
समुद्राकडे तोंड करून हेच करायला.
मला महिना नाही.
मला सात पन्नासची फेरीबोट आहे,
कठड्याला न टेकता उभं राहणं आहे,
इंजिनाची थरथर तळव्यांतून
मणक्यामणक्याने वर येऊ देणं आहे.
पलीकडे रायबंदर हळूहळू मोठं होतं.
हे माझं ताडासन. थोडं हलतं.

पण खरं शिकलो ते बांधावर,
इनास फुर्तादकडे.
खाजनाच्या तोंडाशी जे लाकडी दार असतं
त्याला आम्ही मानस म्हणतो.
मनाशी त्या शब्दाचं काही नातं आहे का,
कुणाला विचारलं नाही.
भरतीला लागतं, ओहोटीला उघडतं,
खारं आत येत नाही, आतलं साचत नाही.
कधी लावतोस, मी विचारलं, आणि उघडतोस कधी?
इनास जाळ्याची गाठ दातांनी ओढत होता.
“दार आपशींच धांपता, बाब. उदकूच धांपता.
हांव फकत कोयर काडटां.”

कोयर म्हणजे कचरा.
खारफुटीची काटकी, बाटलीचं बूच,
एवढंसं काही उंबऱ्यात अडकलं
की फट राहते,
आणि फटीतून आठवडाभरात
कोरगूटसुद्धा मान टाकतं,
इतकं मीठ सोसणारं भात ते.

मयूरा पूरक म्हणते, रेचक म्हणते.
इनासने कशालाच नाव ठेवलेलं नाही.

परवा मुलगा म्हणाला, खाजनातला वाटा विकून टाकू,
तांबडा तांदूळ खातं कोण आता.
कानशिलांपर्यंत भरती आली.
मी दार लोटायला धावलो नाही.
खाली वाकलो, चाचपलं, काय अडकलंय:
याच वयात, याच ओसरीवर,
मी बापाला हेच म्हणालो होतो.
ओलं, बुळबुळीत होतं. काढलं.
दार लागलं. जवळजवळ.

काल नाही जमलं.
फेरीच्या रांगेत एकाने स्कूटर मध्येच घुसवली
आणि मी असा ओरडलो
की छातीतला स्टेंटही दचकला असेल.
दिवसभर तोंड खारट.

आज संध्याकाळी इनासचा गुडघा सुजलेला.
काठीनेच खाली बोट दाखवलं त्याने.
मी पँट दुमडून पायऱ्या उतरलो,
कमरेतून वाकलो, श्वास सोडत, आणखी थोडा.
वर्षभर गुडघ्यांशीच थांबणारी बोटं
पावलांच्या खाली गेली, चिखलात.
मयूराला सांगायला हवं.

हाती एक हवाई चप्पल आली,
अंगठा तुटलेली, शेवाळ धरलेली.
वरून इनास: मेळ्ळें?
थांब, म्हटलं.
अजून काहीतरी आहे.